नूकमधली नवी वसाहत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीनलँड बातम्यांत आल्यापासून त्याची राजधानी नूक या शहराविषयी वाचकांचे प्रश्न येतच आहेत. त्यातले राजकारणाचे प्रश्न इथे बाजूला ठेवले आहेत. उरलेले घर, जागा, नळ आणि विजेचे असतात, आणि फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबतात: शहराच्या पूर्वेला उभी राहत असलेली सिओरारसिओरफिक ही नवी वसाहत. एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नूक आर्क्टिक वृत्ताच्या खाली आहे ना? मग त्याला आर्क्टिक शहर का म्हणतात?

बरोबर आहे. नूक साधारण ६४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे वृत्ताच्या अडीचशे किलोमीटर दक्षिणेला. पण आर्क्टिकची आणखी एक हद्द मानली जाते, ती तापमानाची: सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंश सेल्सिअसच्या वर जात नसेल तर तो प्रदेश आर्क्टिक. नूकचा जुलै सरासरी ७ अंशांच्या आसपास असतो. रानात झाड नाही, गवत, शेवाळ आणि गुडघ्याएवढी झुडपं. तरीही जानेवारीची सरासरी उणे ८ अंशांच्या आसपासच राहते, कारण किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून उबदार प्रवाह येतो आणि बंदर बाराही महिने गोठत नाही. शहर इथेच वाढलं त्याचं मोठं कारण हे बंदर आहे.

२. जेमतेम वीस हजारांचं गाव. आपल्याकडचा तालुकाही याहून मोठा असतो. नवी वसाहत कशाला हवी?

आकडा लहान वाटतो, पण प्रमाण पाहा. अख्ख्या ग्रीनलँडची लोकसंख्या ५७ हजारांच्या आत आहे, म्हणजे देशातला तिसरा माणूस नूकमध्ये राहतो. १९९० च्या सुमाराला इथे बारा हजार लोक होते, २०१० मध्ये साडेपंधरा हजार, आणि आता वीस हजारांच्या घरात. देशाची एकूण लोकसंख्या मात्र जवळजवळ जागच्या जागी आहे. म्हणजे ही वाढ मुख्यतः स्थलांतराची आहे. लहान वस्त्यांतून लोक शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी राजधानीत येतात आणि बहुतेक परत जात नाहीत. नगरपालिकेनं तर २०३० पर्यंत ३० हजारांचं उद्दिष्ट धरून आराखडे केले. तिथवर शहर पोचेल असं मला वाटत नाही. पण आराखडा मोठा धरला म्हणून निदान रस्ते आणि नळ आधी आले, घरं मागून. आपल्याकडे हा क्रम किती वेळा पाळला जातो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

३. नवी वसाहत म्हणजे किंगोरपुत की सिओरारसिओरफिक? दोन्ही नावं वाचायला मिळतात.

दोन्ही खरी आहेत, टप्पे वेगळे आहेत. किंगोरपुत २००० नंतरच्या काळात उकुसिस्सात डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या पलीकडे वसली. आज तिथे काही हजार लोक राहतात. ती भरत आल्यावर पुढचा टप्पा म्हणून सिओरारसिओरफिक हाती घेण्यात आली. तिची आखणी सुमारे ५ हजार माणसांच्या हिशेबानं झाली आहे. नूकमध्ये ५ हजार म्हणजे शहराचा चौथा हिस्सा. यासाठी कोमुनेकारफिक सेरमेरसूक या नगरपालिकेनं स्वतःच्या मालकीची विकास कंपनी काढली. रस्ते, बोगदा, नळ, वीज आणि सपाट केलेल्या जागा ही कंपनी तयार करते, आणि घरं इतर लोक बांधतात.

४. एवढा अवाढव्य देश, माणसं मूठभर. जागेची टंचाई असूच कशी शकते?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर थोडं लांब आहे.

ग्रीनलँडचं क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा जवळपास ऐंशी टक्के भाग बर्फाखाली. उरलेल्या किनारपट्टीतही गावागावांना जोडणारे रस्ते नाहीत. नूकहून दुसऱ्या शहराला जायचं तर विमान किंवा बोट. एकटी सेरमेरसूक नगरपालिका सुमारे ५ लाख ३२ हजार चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेदोन पट, आणि तिच्यात नूकबरोबर पूर्व किनाऱ्यावरची तासिलाक आणि इत्तोक्कोर्तूर्मिइतसारखी गावंही येतात. जमीन ढिगानं पडली आहे.

पण घर नुसत्या जमिनीवर उभं राहत नाही. त्याला सपाट जागा लागते, रस्ता लागतो, न गोठणारा नळ लागतो, सांडपाण्याचा मार्ग लागतो, विजेची तार लागते. नूकमध्ये हे सगळं उघड्या खडकातून काढावं लागतं. डोंगर उतरत थेट समुद्रात शिरतो. जो सपाट भाग दिसतो तो बहुतेक वेळा दलदलीचा किंवा आधीच कुणी व्यापलेला. त्यामुळे इथे ‘प्लॉट’ सापडत नाही, घडवावा लागतो. आधी सुरुंग लावायचा, निघालेला दगड क्रशरमध्ये घालायचा, त्याच खडीचा भराव खालच्या अंगाला टाकायचा, मग पातळी साधायची. कटिंगमधून निघालेला दगड भरावाला पुरला तर काम स्वस्त, नाही तर प्रत्येक ट्रक महाग. टंचाई आहे ती अशा घडवलेल्या जागेची. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीच्या फांद्या आहेत.

५. तिथे प्लॉट विकत घेता येतो का?

नाही. ग्रीनलँडमध्ये जमिनीची खासगी मालकी नाही. ग्रीनलँडर असो, डॅनिश असो, कंपनी असो, जमीन कुणाच्याच नावावर होत नाही. शहरात बांधायचं तर नगरपालिकेकडून त्या जागेचा वापर करण्याचा हक्क मिळवावा लागतो. अर्ज करायचा, आराखड्यात ती जागा कशासाठी ठेवली आहे ते पाहायचं, आणि मंजुरी मिळाली की जागा तयार करण्याच्या खर्चाचा आपला वाटा भरायचा. ठरलेल्या मुदतीत बांधकाम सुरू झालं नाही तर हक्क जातो. प्लॉट घेऊन वीस वर्षं कुंपण घालून ठेवायचं आणि भाव चढायची वाट पाहायची, हा धंदा इथे बसत नाही.

घर मात्र तुमचं. ते विकता येतं, गहाण ठेवता येतं, मुलांच्या नावावर करता येतं. मग घर महाग का, यासाठी प्रश्न १९ पाहा.

६. सिडकोसारखं भूसंपादन होतं का? मोबदला, साडेबारा टक्के वगैरे?

जमिनीचा मालकच नसल्यानं संपादन नाही आणि साडेबारा टक्केही नाहीत. वाद होतो तो वेगळा: कुणाची बोट ओढायची जागा गेली, कुणाचं बेरी वेचायचं रान गेलं, कुणाच्या खिडकीतला फियोर्ड (डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची लांब खाडी) झाकला गेला. स्थानिक आराखडा लोकांपुढे हरकतींसाठी ठेवला जातो आणि हरकती येतातही.

७. बर्फाळ जमिनीवर पाया खचत नाही का? सैबेरियातल्या इमारतींचे फोटो पाहिले आहेत.

ते फोटो बहुधा नोरिल्स्कचे असतील. तिथे कायम गोठलेल्या मातीवर, खांबांवर इमारती उभ्या आहेत. खाली हवा खेळती ठेवतात म्हणजे इमारतीची ऊब जमिनीत उतरत नाही. ऊब उतरली की माती मऊ होते आणि इमारत कलते. ग्रीनलँडमध्येही कांगर्लुस्सुआकच्या धावपट्टीला हा त्रास आहे.

नूकचं तसं नाही. इथे पायाखाली बहुतेक ठिकाणी नाइस नावाचा टणक खडक आहे, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, तर नूकच्या परिसरात ३७० ते ३८० कोटी वर्षांचे खडक आहेत. पाया म्हणून याहून भरवशाची गोष्ट नाही. गोठलेली माती तुकड्यातुकड्यांत सापडते, मुख्यतः जिथे चिकणमाती किंवा दलदल साचली आहे तिथे. असा खिसा लागला की तो उकरून काढतात आणि फोडलेल्या दगडानं भरतात. म्हणजे नूकच्या ठेकेदाराची अडचण उलटी आहे. जमीन खचत नाही, ती खणली जात नाही.

८. मग नळ आणि गटारं कुठून नेतात?

खडकात खोल चर खणणं परवडत नाही आणि उथळ चरात पाणी गोठतं. म्हणून जुन्या भागांत नळ जमिनीवरून, जाड उष्णतारोधक आवरणात, लाकडी पेट्यांमधून नेलेले दिसतात. या पेट्या घराघरांच्या मधून खडकावर चढत-उतरत जातात आणि लोक त्यांच्यावरून सर्रास चालतात. हिवाळ्यात तर ती उत्तम पायवाट होते, कारण आजूबाजूला बर्फ साचतो आणि पेटी वर राहते. काही ठिकाणी तिला पायऱ्याही केलेल्या असतात.

नव्या वसाहतीत रस्ता कापतानाच चर सुरुंगानं फोडतात आणि पाणी, सांडपाणी, गरम पाणी, वीज, केबल सगळं एकाच मार्गानं नेतात. नळाला लागून विजेची तापतार असते, ती पाणी गोठू देत नाही. म्हणूनच रस्त्याची रेषा एकदा ठरली की घरं कुठे येणार हेही ठरतं. मन मानेल तिथे एकुटवाणं घर बांधायची सोय नाही.

सांडपाणी प्रक्रिया न करता समुद्रात सोडलं जातं. एवढ्या आधुनिक आखणीत ही गोष्ट मला खटकते. माणसं कमी, समुद्र मोठा, हा युक्तिवाद वस्ती वाढेल तसा कमजोर होत जाणार.

९. वीज कुठून येते? डिझेलवर चालतं का सगळं?

नूक १९९३ पासून जलविद्युतवर आहे. बुक्सेफियोर्डचा प्रकल्प शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, डोंगराच्या पोटात आहे. २००८ मध्ये तिसरं जनित्र बसवल्यावर त्याची क्षमता ४५ मेगावॉट झाली. ही वीज शहरात आणणारी तार वाटेत अमेरालिक फियोर्ड एका झेपेत ओलांडते. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ५,३७६ मीटर आहे. मध्ये आधार नाही, खाली समुद्र. जगातल्या सर्वांत लांब झेपांमध्ये तिची गणना होते.

आता अडचण. नूकची घरं वीज फक्त दिव्यांना वापरत नाहीत, तापवायलाही वापरतात. नुकिस्सिओरफीत ही सरकारी वीज-पाणी संस्था काही इमारतींना ‘तोडता येण्याजोगी’ वीजऊब देते: भार वाढला की वीज बंद करून तेलाचे बॉयलर चालू करायचे, या अटीवर दर कमी. शहर वाढलं तशी ही वेळ वारंवार येऊ लागली. कचरा जाळण्याच्या भट्टीची उष्णताही घरं तापवायला जोडली आहे, पण सगळी भूक ती भागवू शकत नाही. बुक्सेफियोर्डचा विस्तार ठरवला गेला तो यासाठीच. माझ्या मते सिओरारसिओरफिक किती वेगानं भरेल हे घरांच्या संख्येपेक्षा या विस्तारावर जास्त अवलंबून आहे. नवी वसाहत आणि नवी टर्बाइन यांचं वेळापत्रक जुळलं नाही तर नवी घरं तेलावर तापतील आणि जलविद्युतचा सगळा डौल फुकट.

१०. डोंगरातून बोगदा का काढला? वळसा घालता आला नसता का?

वळसा होताच, तोच अडचणीचा होता. किंगोरपुतला जाणारा रस्ता खाडीला वळसा घालून जातो आणि सकाळी सगळी वसाहत त्या एकाच रस्त्यानं शहराकडे निघते. वादळात किंवा अपघातात तो अडला की पलीकडचे लोक तिथेच अडकतात, अग्निशमनची गाडीसुद्धा. त्याच रस्त्यावर आणखी ५ हजार माणसं टाकणं शक्य नव्हतं. म्हणून कासुस्सुआक डोंगरातून (उंची ४४३ मीटर) बोगदा फोडून नवी वसाहत विमानतळाच्या बाजूला जोडली. आता येण्याजाण्याचे दोन मार्ग आहेत.

विमानतळाचाही संबंध आहे. २८ नोव्हेंबर २०२४ ला नूकची २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली. त्याआधीची हजार मीटरच्याही आतली होती, कोपनहेगनहून मोठं विमान थेट उतरूच शकत नसे. आता ते उतरतं. विमानतळाच्या बाजूला नोकऱ्या आणि वर्दळ वाढते आहे, आणि बोगद्यामुळे नवी वसाहत तिथून जवळ आली आहे.

११. हे ‘ब्लॉक पी’ काय प्रकरण आहे? प्रत्येक लेखात त्याचा उल्लेख असतो.

कारण नव्या वसाहतींचे नियोजक आजही त्याच्याकडे बोट दाखवून बोलतात. १९५० आणि ६० च्या दशकांत डेन्मार्कनं ग्रीनलँडच्या आधुनिकीकरणाच्या योजना राबवल्या. लहान वस्त्या आवरायच्या आणि माणसं न गोठणाऱ्या बंदरांच्या चार शहरांत आणायची: पामिउत, नूक, मानीत्सोक, सिसिमिउत. त्यासाठी घरं झटपट हवी होती. १९६५-६६ मध्ये नूकच्या मध्यावर ब्लॉक पी उभा राहिला: पाच मजले, सुमारे ३२० घरं, दोनशे मीटरहून लांब. एके काळी देशाचा शंभरावा माणूस या एका इमारतीत राहत होता.

नकाशे डेन्मार्कच्या सवयीनं काढलेले होते. दारं अरुंद, जाड हिवाळी कपडे घालून आत-बाहेर करणं कठीण. कपाटं लहान, शिकारीचं आणि मासेमारीचं सामान ठेवायला जागा नाही, म्हणून ते गॅलरीत साचायचं आणि आगीच्या वेळची वाट बंद व्हायची. सगळ्यांत बोलका भाग न्हाणीघराचा. मासे आणि शिकार साफ करायची दुसरी जागा नसल्यानं लोक ते काम टबात करायचे, आणि साकळलेल्या रक्तानं मोऱ्या तुंबायच्या. आर्किटेक्टनं हे घर समुद्रावर जगणाऱ्या कुटुंबासाठी आहे एवढं लक्षात घेतलं असतं तर एक बाहेरची मोरी पुरली असती.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्लॉक पाडला. राहणाऱ्यांपैकी अनेकांची सोय किंगोरपुतमध्ये झाली. म्हणून नव्या वसाहतीत सामानाच्या खोल्या किती, कुठल्या, हा फालतू तपशील नसतो.

१२. हिवाळ्यात बांधकाम चालतं का?

चालतं, महाग पडतं. काँक्रीटला ऊब द्यावी लागते, आडोसे उभारावे लागतात, वाऱ्याच्या दिवशी क्रेन उभी राहते. म्हणून पाया आणि बाहेरचं काम उन्हाळ्यात उरकून हिवाळ्यात आतलं काम, असा सर्वसाधारण क्रम.

सुरुंग मात्र बाराही महिने वाजतो. भोंगा होतो, रस्ता अडवतात, स्फोटाच्या जागेवर जड जाळ्या पसरतात म्हणजे दगड उडत नाहीत, मग एक दबका धमाका आणि पुन्हा भोंगा. शेजारच्या वस्तीत राहणाऱ्यांना वर्षानुवर्षं याची सवय करून घ्यावी लागते.

१३. सिमेंट, लाकूड, सळई कुठून येते?

खडी सोडली तर जवळजवळ सगळं जहाजानं, मुख्यतः डेन्मार्कच्या ऑलबोर्गहून. देशात लाकडासाठी तोडण्याजोगं जंगल नाही, सिमेंटचा कारखाना नाही. २०१७ मध्ये नूकचं नवं कंटेनर बंदर सुरू झाल्यावर आवक सुधारली. तरी एखादा खिडक्यांचा कंटेनर चुकला तर पुढच्या फेरीची वाट पाहायची. नूकचं नशीब म्हणजे जहाजं हिवाळ्यातही येतात. उत्तरेच्या कानाक या गावाला उन्हाळ्यात मोजक्याच वेळा जहाज लागतं.

१४. बांधणारे हात कुठले? स्थानिक लोक आहेत का एवढे?

पुरेसे नाहीत. डेन्मार्कचे आणि पूर्व युरोपातले कारागीर मोठ्या कामांवर असतात. शहराच्या इतर नोकऱ्यांत फिलिपिन्स आणि थायलंडहून आलेली माणसं आता सहज दिसतात. अडचण अशी की घरं बांधायला माणूस बाहेरून आणायचा, तर आधी त्यालाच राहायला घर पाहिजे. म्हणून मोठे ठेकेदार कामगारांची तात्पुरती वस्ती सोबत आणतात.

१५. नव्या वसाहतीत घर मिळतं कुणाला, आणि कसं?

तीन वाटा आहेत. पहिली, सार्वजनिक भाड्याचं घर: आयएनआय ही ग्रीनलँड सरकारची कंपनी आणि इसेरित ही नगरपालिकेची. नाव नोंदवायचं आणि रांगेत थांबायचं. नूकमध्ये ही रांग दहा-दहा वर्षांची होते, त्यामुळे तरुण मुलं वयात येताच नाव घालून ठेवतात. दुसरी, नोकरीबरोबर येणारं घर (त्याची मेख प्रश्न १८ मध्ये). तिसरी, स्वतःचं किंवा सहकारी पद्धतीचं घर, ज्याला बँकेचं कर्ज आणि काही वेळा सार्वजनिक मदत मिळते.

इथे माझी एक तक्रार आहे. नवी वसाहत रांगेतल्या माणसासाठी असं कागदावर सांगितलं जातं. पण जागा घडवायला एवढा खर्च येतो की खासगी बांधकामाचं घर रांगेतल्या माणसाला परवडत नाही. मग डॉक्टर, अधिकारी आणि जोडप्यातले दोघं कमावणारे नव्या घरात जातात. त्यांची जुनी घरं मोकळी होतात आणि रांग त्या मार्गानं थोडी पुढे सरकते. याला नियोजक साखळी म्हणतात. साखळी चालते, पण सावकाश, आणि शेवटच्या कडीला उभा असलेल्याला धीर धरा असं सांगणं सोपं असतं.

१६. भारतीय पासपोर्टवर तिथे जाऊन काम करता येईल? घर घेता येईल?

आधी व्हिसा. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात आहे, पण शेंगेनमध्ये नाही आणि १९८५ पासून युरोपीय समुदायातही नाही. डेन्मार्कचा शेंगेन व्हिसा आपोआप चालत नाही. ‘ग्रीनलँडसाठी वैध’ अशी नोंद लागते. डेन्मार्कमधला काम-परवाना असला तरी ग्रीनलँडसाठी वेगळा काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी नोकरीचा करार हातात हवा.

घराचं म्हणाल तर जमीन कुणालाच मिळत नाही (प्रश्न ५). परदेशी माणसानं घर घेण्याविषयीचे नियम अलीकडे कडक करण्याकडे कल आहे. गुंतवणूक म्हणून नूकमध्ये फ्लॅट घ्या, असा कुणाचा व्हिडिओ पाहिला असेल तर पैसे पाठवण्याआधी नगरपालिकेलाच विचारा.

१७. बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय. खाडीकाठची नवी वसाहत बुडणार नाही का?

ऐकायला विचित्र वाटेल, पण नूकला भीती उलटी आहे: इथे समुद्र खाली जातो. कारणं दोन. हिमस्तराचं ओझं कमी होतं तशी खालची जमीन वर उचलली जाते. शिवाय एवढा मोठा बर्फ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं आजूबाजूचं पाणी आपल्याकडे ओढून ठेवतो. तो घटला की ती ओढ सैल होते आणि पाणी दूर पसरतं. ग्रीनलँडचा बर्फ वितळल्यावर पाणी मुंबईच्या किनाऱ्याला वाढतं, नूकला नाही. नियोजकांना चिंता असते ती धक्क्याजवळचं पाणी उथळ होण्याची.

खरा धोका वरून: वादळी वारा, डोंगर-उतारावरचा बर्फ, आणि हिवाळ्यात पडणारा पाऊस जो रात्रीतून काचेसारखा गोठतो. डोंगराच्या पायथ्याशी घर कुठवर न्यायचं ही रेषा त्यामुळे महत्त्वाची.

उन्हाचाही इथे हिशेब होतो. २१ डिसेंबरच्या दुपारी नूकमध्ये सूर्य क्षितिजावर जेमतेम अडीच अंश चढतो. समोर एखादी टेकडी असली की त्या घराला आठवडेच्या आठवडे ऊन नाही. म्हणून इमारती उतारावर पायऱ्यांसारख्या मांडतात, पुढची ठेंगणी, मागची उंच. जूनमध्ये उलट तक्रार: रात्रीही उजेड, पडदे जाड लागतात.

१८. नोकरी गेली किंवा निवृत्त झालो तर घराचं काय?

नोकरीचं घर असेल तर सोडावं लागतं, आणि इथे सगळ्यांत जास्त माणसं अडचणीत येतात. वीस वर्षं नूकमध्ये शिकवलेल्या शिक्षकानं सार्वजनिक रांगेत कधी नावच घातलेलं नसेल, तर निवृत्तीच्या दिवशी तो रांगेच्या शेवटी उभा राहतो. जोडपं वेगळं झालं तरी तीच गत, घर ज्याच्या नोकरीचं त्याचं. जाणकार लोक नोकरीचं घर मिळाल्याच्या दिवशीच रांगेतही नाव घालतात. नूकमध्ये बेघर माणसं आहेत, आणि उणे दहा अंशांत बेघर असणं म्हणजे कुणाच्या तरी सोफ्यावर किंवा जिन्यात रात्र काढणं. गर्दीच्या घरांचे आकडे पाहताना हे ध्यानात ठेवा.

१९. जमीन फुकट, तर मग नूकमधलं घर एवढं महाग आणि लहान वस्तीतलं कवडीमोल का?

जमीन फुकट नाही, ती विकली जात नाही इतकंच. जागा घडवण्याचा खर्च घराच्या किमतीत शिरतो (प्रश्न ४). शिवाय ज्या हक्काची किंमत कागदावर कुठेही लिहिलेली नसते, त्याची किंमत घराच्या भावात आपोआप बसते. बोगद्याजवळ, बंदराजवळ, शाळेजवळचं तेच घर जास्त भावानं जातं.

लहान वस्तीत उलट होतं. बँका तिथे गहाणकर्ज द्यायला फारशा तयार नसतात, कारण घर विकायची वेळ आली तर घेणार कोण? नूकच्या फियोर्डात कपिसिल्लित ही शंभराच्याही आतली वस्ती आहे. त्याच पाण्यातली कूर्नोक १९७० च्या दशकात रिकामी झाली आणि आज तिथली घरं नूककरांची उन्हाळ्यातली ठिकाणं आहेत. म्हणजे वस्तीतलं घर सोडून येणाऱ्याकडे नूकमध्ये घर घेण्याइतकं भांडवल उभं राहतच नाही. त्याला रांगेतच यावं लागतं.

२०. घरं एवढी रंगीत का? नव्या वसाहतीतही तोच नियम आहे का?

पूर्वी रंगावरून काम कळायचं: व्यापाऱ्याचं घर लाल, दवाखाना पिवळा, मासळीचा कारखाना निळा. आता ते बंधन नाही. नव्या इमारतींत करडा, काळा, लाकडी रंगही भरपूर आहे, आणि पोस्टकार्ड पाहून गेलेले पर्यटक किंगोरपुतमध्ये जरा हिरमुसतात.

२१. नव्या घरात स्लेजची कुत्री पाळता येतील का?

नाही. पश्चिम किनाऱ्यावर स्लेजची कुत्री आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेलाच ठेवतात, आणि तिथे दुसऱ्या जातींना मनाई आहे. नूकमध्ये घरगुती कुत्रं चालतं. मात्र सार्वजनिक भाड्याच्या घरात आधी भाडेकरार वाचा, तिथली अट वेगळी असू शकते.